पगार निजामाचा, हुकूम कंपनीचा

आमच्या पेडगावचे नाव काढले की परगावचा माणूस गालातल्या गालात हसतो. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार त्याच्या ओठांवर आलेला असतो. दर वेळी आम्हाला खुलासा करावा लागतो की, ते पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, बहादूरगडाचे. आमचे पेडगाव परभणी तालुक्यातले, मनमाडहून परभणीला येणाऱ्या लोहमार्गावरचे. आज मात्र तो वाक्प्रचार आम्ही शेजारच्या घरून पीठ-मीठ आणावे तसा उसना घेणार आहोत. कारण ज्या विषयावर बोलायचे आहे त्यात मोठमोठ्या दरबारांनी वेड पांघरलेले आहे, आणि त्या पांघरुणाची किंमत रयतेने भरलेली आहे.

विषय आहे दोस्त राष्ट्रांमधील शस्त्रांच्या देवघेवीचा. अमक्या देशाने आपल्याला विमाने दिली, तमक्याबरोबर पाणबुड्या बांधण्याचा करार झाला, आता आपणही दुसऱ्या देशास क्षेपणास्त्रे विकू लागलो, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात. त्या वाचून माणूस म्हणतो, हा दिल्ली, मॉस्को, पॅरिस आणि वॉशिंग्टनचा कारभार. कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय? आमचे म्हणणे असे की, या विषयात बोलण्याचा पहिला अधिकार कोणाचा असेल तर तो आमच्या जिल्ह्याचा आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचे राज्य म्हणजे दोस्ताकडून फौज आणि हत्यार घेतल्यावर पुढे काय होते याचा दीडशे वर्षांचा हिशेब आहे. तो हिशेब आज आपण उलगडून पाहू.

हिशेबाचे पहिले पान इंग्रजांचे नाही, फ्रेंचांचे आहे. १७५१ मध्ये बुसी हा फ्रेंच सेनानी कवायती फौज आणि तोफा घेऊन निजामाच्या गादीच्या भांडणात उतरला. त्याच्या पाठबळावर सलाबतजंग गादीवर टिकला. परंतु फौज म्हटली की पगार आला, आणि निजामाच्या खजिन्यात रोकड नव्हती. तेव्हा १७५३ मध्ये पगाराच्या पोटी समुद्रकाठचे उत्तर सरकार प्रांत फ्रेंचांस लावून देण्यात आले. आज ज्याला किनारी आंध्र म्हणतात त्यातला हा सुपीक मुलूख. पुढे १७५८ मध्ये बुसीला माघारी बोलावले गेले. फ्रेंच गेले, पण मुलूख निजामाच्या हाती नीटसा परत आला नाही. त्यावर इंग्रजांचा डोळा होताच. १७६६ च्या तहाने निजामाने तो कंपनीला दिला. बदल्यात कंपनीने वर्षाची पेशकश द्यावी आणि गरजेच्या वेळी फौजेची मदत करावी असे ठरले. ही पेशकश श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसरे पान खर्ड्याचे. १७९५ च्या मार्चमध्ये मराठे आणि निजाम खर्ड्यास समोरासमोर आले. मराठ्यांच्या विजयाचे पोवाडे आपण ऐकलेले आहेत. आम्ही त्या लढाईची दुसरी बाजू सांगतो. निजामाच्या पदरी त्या वेळी कंपनीच्या दोन पलटणी होत्या. त्यांचा पगार निजाम देत होता. त्याने त्या मराठ्यांवर धाडण्याची गोष्ट काढली, तेव्हा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने मुभा दिली नाही. मराठेही कंपनीचे दोस्त, टिपूविरुद्ध १७९० मध्ये तिघांनी मिळून तह केलेला; तेव्हा एका दोस्ताच्या पगारावरील फौज दुसऱ्या दोस्तावर कशी पाठवावी, असा हा न्याय. शोअरच्या बाजूने तो चुकीचा होता असेही नाही. पण निजामाला त्या दिवशी एक गोष्ट कळायला हवी होती. पगार दिल्याने फौज आपली होत नाही.

आमच्याकडे सालदार ठेवण्याची रीत आहे. साल ठरले, धान्य-पैका ठरला, की सालदार मालकाच्या वावरात राबतो. आता असा सालदार कल्पून पाहा की ज्याचे साल तुम्ही भरता, पण तो सकाळी उठून शेजारच्या पाटलाला विचारतो की आज कोणत्या वावरात जाऊ! तुम्ही त्याला काय म्हणाल? निजामाने त्याला 'दोस्ताची मदत' म्हटले.

रागाच्या भरात निजामाने त्या पलटणी परत पाठवल्या खऱ्या. पण त्याच वर्षी त्याचा मुलगा अलीजाह याने बंड केले आणि पलटणी पुन्हा बोलवाव्या लागल्या. याच काळात त्याच्यापाशी दुसराही एक मार्ग होता. रेमंड नावाचा फ्रेंच अधिकारी त्याच्या चाकरीत होता. त्याने हैदराबादेत १७८६ च्या सुमारास तोफा ओतण्याचा कारखाना घातला. त्या जागेला लोक 'तोप का साँचा' म्हणू लागले आणि शहराच्या त्या भागास आजही गनफाउंड्री हेच नाव आहे. रेमंडच्या पलटणी दहा हजारांच्या वर गेल्या. तोफ इथे ओतली जात होती, शिपाई इथला होता. परंतु वरचे अधिकारी सारे फ्रेंच, आणि त्यांचे इमान कोठे आहे ही इंग्रजांची चिंता. रेमंड १७९८ च्या मार्चमध्ये वारला. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस वेलस्लीने निजामाशी नवा तह केला: कंपनीच्या सहा पलटणी तोफांसह निजामाच्या राज्यात राहाव्यात, त्यापोटी निजामाने वर्षाला २४,१७,१०० रुपये द्यावेत आणि फ्रेंच अधिकारी काढून टाकावेत. हीच ती तैनाती फौज.

२२ ऑक्टोबर १७९८ रोजी फ्रेंच पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली, तीही लढाईवाचून. याचे कारण इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, म्हणून सांगतो. त्या पलटणींतल्या शिपायांचा पगार थकला होता. आदल्या दिवसांत त्यांनी थकबाकीसाठी आपल्याच अधिकाऱ्यांना, रेमंडचा वारस पिरों याच्यासह, कैद करून ठेवले होते. ज्या फौजेत शिपाई उपाशी आणि वरचा अधिकारी परका, ती फौज एका सकाळी मोडते. आयुष्य कामगारांच्या सभांत घालवल्यामुळे आम्हाला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही.

असे कोणी समजू नये की हे वेड निजामानेच पांघरले. १८०२ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावाने वसईस तसाच तह केला आणि फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. महादजी शिंद्यांनी उत्तरेत द बॉयनच्या हाताने कवायती कंपू उभे केले आणि आग्र्यास तोफा ओतल्या. ते कंपू हिंदुस्थानात नावाजले. परंतु १८०३ च्या युद्धाच्या तोंडावर वेलस्लीने जाहीरनामा काढताच दौलतरावांच्या चाकरीतले इंग्रज अधिकारी चाकरी सोडून गेले, आणि कंपूंचा मुख्य फ्रेंच सेनापती पेरों हाही इंग्रजांच्या आश्रयास गेला. तोफा घरच्या होत्या. त्या कोणत्या दिशेला वळवायच्या हे सांगणारा गेला.

आता हिशेबाचे तिसरे पान, आणि ते आमच्या दाराशी येते. १८०० च्या ऑक्टोबरात तैनाती फौज वाढवण्यात आली. या वेळी रोख रकमेऐवजी निजामाने म्हैसूरच्या दोन युद्धांत मिळालेला बेल्लारी-कडप्पाकडचा सारा मुलूख कंपनीला कायमचा दिला. शिवाय कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे लावायचे नाही असेही कबूल केले. आणखी एक कलम होते: युद्ध झाल्यास निजामाने आपल्याकडून ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे. हे कलम युद्धापुरते होते.

पण कागदावर 'युद्धापुरते' लिहिलेले कलम शांततेतही चालू राहते. हेन्री रसेल १८११ मध्ये रेसिडेंट झाला. निजामाची मदतीची फौज कुचकामी आहे, ती नीट उभारली पाहिजे, असे म्हणून त्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नव्या पलटणी उभ्या केल्या. त्यांतून 'हैदराबाद कंटिंजंट' ही निराळी फौज तयार झाली. ती तैनाती फौजेहून वेगळी. तैनाती फौजेचा खर्च मुलूख देऊन फिटलेला होता. कंटिंजंटचा पगार निजामाच्या खजिन्यातून जाई, अधिकारी इंग्रज असत आणि हुकूम रेसिडेंटचा चाले. खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये. 'बिचारा निजाम सगळ्याचे पैसे भरतो' असा विनोद गोऱ्या अधिकाऱ्यांतच चालत असे.

या फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. औरंगाबाद, अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम येथेही तिच्या छावण्या होत्या. ही फौज कोणाशी लढली? १८१९ मध्ये तिने हटकर नाईकांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला आणि ती घेतली. नोव्हा म्हणजे आजच्या नांदेड जिल्ह्यातले ठिकाण. त्या लढाईचे नाव पुढे त्या पलटणींच्या निशाणावर मानाने चढले. परक्या शत्रूसाठी म्हणून उभारलेली फौज असा मान कमावते तो आपल्याच मुलखातल्या गढीवर, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

४० लाख आणायचे कोठून? राजा चंदुलाल १८४३ पर्यंत कारभार पाहत होता. त्याने दोन वाटा काढल्या. एक, महसूल मक्त्याने देण्याची. जो जास्त बोली लावील त्याला तालुका. मग त्याने रयतेकडून काय वाटेल ते वसूल करावे. दुसरी वाट, सावकाराची. हैदराबादेत विल्यम पामर आणि मंडळी नावाची पेढी होती. तिने शेकडा चोवीस-पंचवीस व्याजाने निजाम सरकारला कर्ज दिले, आणि तो पैसा कंटिंजंटच्या पगाराला गेला. १८२० मध्ये रेसिडेंट होऊन आलेल्या मेटकाफने या व्यवहारावर कोरडे ओढले. शेवटी १८२३ मध्ये पेढीचे देणे फेडण्यासाठी काय विकले गेले? तीच पेशकश! उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी वर्षाला जे सुमारे सात लाख रुपये देत होती, तो कायमचा हक्क १,१६,६६,६६६ रुपयांस मोडून टाकला. फ्रेंच फौजेच्या पगारापायी दिलेला मुलूख, त्याचा उरलासुरला खंड इंग्रज फौजेच्या पगाराच्या कर्जात बुडाला. घराला राखणदार ठेवण्यासाठी घर गहाण टाकले, आणि राखणदार निघाला सावकाराच्या गोतातला!

त्यानंतरही कर्ज वाढतच गेले. या वेळी सावकार खुद्द कंपनीच होती. १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने थकलेल्या पगारापोटी वऱ्हाड मागितले. शांततेच्या काळात कंटिंजंट पोसण्याची सक्ती तहाच्या शब्दांत नाही, हे डलहौसीने स्वतःच्या टिपणात मान्य केले होते. तरीही २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या ताब्यात गेले. १८५७ मध्ये निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूने राहिले, म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड परत मिळाले नाही. सालारजंगाने ते मागण्यात आयुष्य झिजवले. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, आणि लगोलग १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट हिंदी सैन्यात मिसळून टाकली. ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड घेतले ती फौज संपली. वऱ्हाड मात्र तिकडेच राहिले.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोणी म्हणेल, पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, भोसल्यांचे नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले. निजामाची गादी मात्र १९४८ पर्यंत टिकली, म्हणजे सौदा फायद्याचा झाला. गादीपुरते बोलायचे तर हे खरे आहे. दरबाराने सुरक्षितता विकत घेतली. पण ती कोणाच्या पैशाने? मक्तेदाराला सारा भरणाऱ्या कुणब्याला विचारून हा तह झाला नव्हता, आणि हिंगोलीची छावणी त्याच्या रक्षणासाठी नव्हती.

शेवटचे पान दोस्तीच्या कळसाचे. १९१८ मध्ये मीर उस्मान अली खान यास ब्रिटिश सरकारने 'यारे वफादार', म्हणजे इमानी दोस्त, असा किताब दिला. त्या महायुद्धात त्यांच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या तुकडीस विमाने मिळाली आणि तुकडीस हैदराबादचे नाव लागले. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या तुकड्यांना हैदराबादचे नाव होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या आरमारात 'निजाम' नावाची विनाशिका फिरत होती. मराठवाड्याच्या काळ्या मातीतला पैसा असा इंग्लंडच्या आभाळात उडाला. परंतु १९४७ मध्ये इंग्रज निघाले तेव्हा इमानी दोस्ताच्या मदतीस कोणी थांबले नाही. मग निजाम सरकारने शस्त्रांसाठी सिडने कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला गाठले. १९४८ मध्ये त्याच्या विमानांनी कराचीहून चोरट्या वाटेने हत्यारे आणली. इकडे रझाकारांच्या जाचाने खेडी ओस पडत होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेस सारे आटोपले. दीडशे वर्षे फौजांचे पगार भरलेल्या राज्याची फौज पाच दिवस टिकली नाही, कारण त्या दीडशे वर्षांत दरबाराने फौज विकतच घेतली होती, लोकांतून उभी केली नव्हती.

हा झाला जुना हिशेब. तो आजच्या काळास जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. स्वतंत्र देश आपल्या फौजेचा हुकूम परक्याच्या हाती देत नाही. परंतु हुकुमाच्या आणखी बारीक वाटा असतात. पाकिस्तानने १९५४ मध्ये अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला. पॅटन रणगाडे, सेबर विमाने आली. १९६५ मध्ये युद्ध पेटताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही शस्त्रे रोखली. ज्याची सारी भिस्त अमेरिकन सुट्या भागांवर, त्याला त्याचा चटका अधिक बसला. खर्ड्यास निजामाच्या दोन पलटणी थांबवल्या गेल्या त्याचीच ही नवी आवृत्ती. आता पलटण थांबवावी लागत नाही. सुटा भाग आणि दारूगोळा थांबवला की पुरे.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोव्हिएत संघाशी १९६२ मध्ये मिग विमानांचा करार झाला आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, विद्युत यंत्रणा हैदराबादेत, अशी वाटणी झाली. आरंभी पेट्यांतून आलेले भाग जोडायचे, मग काही भाग इथे घडवायचे, पुढे कच्च्या मालापासून विमान उभे करायचे, अशा पायऱ्यांनी आपला कामगार शिकला. मिग-२१ जातीची सहाशेहून अधिक विमाने देशात तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्या विमानाला हवाई दलाने निरोप दिला. नकाशा परक्याचाच राहिला, अपघातही पुष्कळ झाले, हे आम्ही लपवत नाही. पण विमान गेले तरी कामगाराच्या हातातले कसब कोणी परत मागू शकत नाही. बुसीच्या आणि ओझरच्या करारांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आता तर आपण देणाऱ्याच्याही जागी बसलो आहोत. रशियाबरोबर भागीदारीत तयार केलेले ब्राह्मोस क्षेपणास्त्र विकण्याचा करार २०२२ मध्ये फिलिपिन्सशी झाला आणि २०२४ मध्ये पहिला माल रवाना झाला. याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. त्याबरोबर आम्हाला हेही वाटते की, जे आपल्याला घेताना बोचले ते देताना आपण दुसऱ्याला बोचू देऊ नये.

मालकाने कराराचा कागद पुढे केला की आम्ही कामगारांना सांगतो, पहिले पान नंतर वाचा. तिथे सलोखा आणि सद्भावना लिहिलेली असते. शेवटची कलमे आधी वाचा. दोस्त राष्ट्रांच्या शस्त्रकरारालाही आम्ही हेच चार प्रश्न विचारू. पैसे कोण भरणार? हुकूम कोणाचा चालणार? मोडले तर दुरुस्त करण्याची अक्कल कोणाच्या हातात येणार? आणि दोस्त उद्या नाही म्हणाला, तर आपले कोठे अडणार? चारांचीही उत्तरे धड मिळाली तर दोस्ती खुशाल करावी. एकटा देश सारे करू शकत नाही हे आम्हालाही कळते. उत्तरे देताना कारभारी चाचरू लागले, तर रयतेने गप्प बसू नये. कारण हिशेब शेवटी तिच्याच दारात येतो.

चंदुलालाला हे चार प्रश्न कळत नव्हते असे नाही. त्याने वेड पांघरले. आम्ही पेडगावचे खरे. पण ते पांघरूण आमच्या गावचे नव्हे.